‘सर्व रकाने भरा’: तीन फाइल्स मागणाऱ्या एका फॉर्मचं प्रकरण

फॉर्म साधा आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख असे चौदा रकाने आणि शेवटी तीन फाइल्स: अर्जदाराचा फोटो, सहीचा फोटो आणि पीडीएफमध्ये एक प्रमाणपत्र. प्रत्येक फाइल ५ एमबीपर्यंत चालेल, असं रकान्याखाली लिहिलेलंही आहे. समोर विनंत्या घेणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्यामागे पीएचपी भाषेतला प्रोग्राम, फोटोंवर काम करायला जीडी लायब्ररी, आणि फाइल्स त्याच सर्व्हरच्या डिस्कवर. अशी मांडणी असंख्य ठिकाणी सापडेल.

तक्रार एका ओळीची होती. सगळं भरून सबमिट केलं की फॉर्म कोरा होऊन परत येतो आणि वर लाल अक्षरांत ‘सर्व रकाने भरा’ असं दिसतं. चौदा रकाने पुन्हा भरायचे, फाइल्स पुन्हा जोडायच्या, पुन्हा तेच. काहींना हा त्रास, काहींचा अर्ज पहिल्याच प्रयत्नात जमा. फॉर्म बनवणाऱ्यांनी स्वतः करून पाहिलं तर दर वेळी बिनचूक. मग उत्तरं ठरलेली: नेट स्लो असेल, दुसऱ्या ब्राउझरमधून करून बघा. अर्जदाराचा यात काडीचाही दोष नव्हता.

आठ एमबीचं दार

उत्तर पीएचपीच्या एरर लॉगमध्ये पडून होतं. इशारा असा: पोस्टची (फॉर्मने पाठवलेल्या एकूण मजकुराची) लांबी ९३,३४,५१२ बाइट, मर्यादा ८३,८८,६०८ बाइट. पुढे फाइलच्या नावाच्या जागी ‘अननोन’ आणि ओळ क्रमांक शून्य, कारण हा नकार प्रोग्रामची पहिली ओळ चालण्याआधीच मिळालेला असतो.

८३,८८,६०८ म्हणजे ८ गुणिले १०२४ गुणिले १०२४. पीएचपीत पोस्ट_मॅक्स_साइझ या सेटिंगची मूळ किंमत ८एम असते आणि ती संपूर्ण विनंतीला लागू होते: सगळे रकाने आणि सगळ्या फाइल्स मिळून. अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ ही सेटिंग वेगळी, ती एकेका फाइलपुरती, मूळ किंमत २एम. फॉर्मवर ५ एमबी लिहायचं ठरलं तेव्हा दुसरी सेटिंग ५एम केली गेली, पहिलीला कुणी हात लावला नाही. आता एका अर्जदाराची बेरीज करून पाहा: फोटो ४.१ एमबी, सही १.२, प्रमाणपत्र ३.६. प्रत्येक फाइल नियमात बसते. एकूण ८.९.

मर्यादा ओलांडल्यावर पीएचपी थांबत नाही, हीच खरी मेख. आलेला मजकूर टाकून दिला जातो, रकान्यांची आणि फाइल्सची अशा दोन्ही याद्या रिकाम्या ठेवल्या जातात आणि प्रोग्राम नेहमीसारखा सुरू होतो. प्रोग्रामला नाव रिकामं दिसतं, पत्ता रिकामा दिसतो, म्हणून तो म्हणतो ‘सर्व रकाने भरा’. त्याच्यापुरतं ते खरंच असतं. फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला आहे याची खूण) असेल तर हाच बिघाड दुसऱ्या तोंडाने बोलतो. टोकनही त्याच रिकाम्या यादीत असतं, त्यामुळे ‘तुमचं सत्र संपलं आहे’ असा निरोप येतो आणि शोध घेणारे सेशनच्या सेटिंगमध्ये दिवस घालवतात.

फॉर्म बनवणाऱ्यांकडे हे का दिसलं नाही? त्यांच्या चाचणीच्या फाइल्स साठ-सत्तर केबीच्या होत्या.

तातडीचा उपाय चार ओळींचा. विनंती पोस्टची आहे, हेडरमधली कंटेंट-लेंग्थ (विनंतीची कळवलेली लांबी) मर्यादेपेक्षा मोठी आहे आणि रकान्यांची यादी रिकामी आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर बाकीची तपासणी न करता थेट सांगायचं: ‘तिन्ही फाइल्स मिळून खूप मोठ्या झाल्या.’ इथे एक खाचखळगा आहे. सेटिंग वाचल्यावर हाती ‘८एम’ अशी अक्षरं येतात. ती तशीच आकड्यात बदलली तर उत्तर ८ येतं, म्हणजे आठ बाइट, आणि मग प्रत्येक अर्ज मर्यादेपेक्षा मोठा ठरतो. पीएचपी ८.२ पासून हे रूपांतर करणारं आयनी_पार्स_क्वांटिटी हे फंक्शन मिळतं. त्याआधीच्या आवृत्तीत के, एम, जी ही अक्षरं ओळखून गुणाकार स्वतः करावा लागतो.

दारांचा क्रम

फाइल ब्राउझरमधून निघाल्यापासून डिस्कवर बसेपर्यंत एकामागून एक दारं ओलांडते. प्रत्येक दाराची मर्यादा वेगळी आणि ‘नाही’ म्हणायची पद्धतही वेगळी. एनजिनएक्सची क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ मुळात १ एमबी असते. ती ओलांडली की ४१३ क्रमांकाचा नकार मिळतो, पण तो अर्जदाराला दिसेलच असं नाही. ब्राउझर अजून फाइल पाठवतच असतो तेवढ्यात सर्व्हर जोडणी बंद करतो, आणि पडद्यावर ‘कनेक्शन तुटलं’ एवढंच येतं. एनजिनएक्सच्या स्वतःच्या दस्तऐवजातही ब्राउझर ही एरर नीट दाखवू शकत नाहीत असं नमूद केलं आहे. पीएचपीचं पोस्ट_मॅक्स_साइझ गप्प राहतं, ते वर पाहिलंच. अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ मात्र समंजस आहे: बाकीचे रकाने शाबूत येतात आणि त्या एका फाइलवर एरर क्रमांक १ लागतो.

यावरून आकडे कसे ठेवायचे ते ठरतं. आतल्या दाराची मर्यादा सगळ्यांत लहान, बाहेर जाल तशी मोठी. म्हणजे नकार शक्यतो तिथे मिळतो जिथून अर्जदाराशी त्याच्या भाषेत बोलता येतं. या फॉर्मसाठी बसवलेले आकडे असे: प्रोग्रामची स्वतःची तपासणी ५ एमबी, अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ ६एम, पोस्ट_मॅक्स_साइझ १८एम, एनजिनएक्स २० एमबी. साडेपाच एमबीचा फोटो आला तर प्रोग्राम सांगतो, सात एमबीचा आला तर एरर क्रमांक १ येतो आणि पुन्हा प्रोग्रामच सांगतो. कुणी चुकून चाळीस एमबीचा व्हिडिओ निवडला तर ब्राउझरमधली तपासणी तो पाठवण्याआधीच अडवते.

वेळेच्या मर्यादेबद्दल उगाच घबराट असते. एनजिनएक्सचं क्लायंट_बॉडी_टाइमआउट मुळात ६० सेकंदांचं आहे, पण ते संपूर्ण अपलोडसाठी नाही. दोन वाचनांमध्ये किती काळ शांतता चालेल, त्याची ती मर्यादा आहे. शिवाय एनजिनएक्स मूळ सेटिंगमध्ये संपूर्ण विनंती आधी स्वतःकडे जमा करतो आणि मगच पीएचपीला देतो. नेट कितीही संथ असलं तरी पीएचपी तोवर अडकून पडत नाही. मात्र प्रत्येक मोठी फाइल डिस्कवर दोनदा लिहिली जाते, एकदा एनजिनएक्सच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये आणि एकदा पीएचपीच्या. ही फोल्डर्स लहानशा पार्टिशनवर असतील तर शेवटच्या तारखेच्या गर्दीत ती भरतात.

जोडलेली फाइल हरवते

आकडे दुरुस्त केल्यावर कोरा फॉर्म येणं थांबलं. दुसरी तक्रार उरली. पिनकोडमध्ये एक आकडा कमी पडला म्हणून फॉर्म परत आला तर रकाने भरलेले असतात, पण तिन्ही फाइल्स गेलेल्या. लोकांच्या ते लक्षातही येत नाही. पिनकोड दुरुस्त करून ते सबमिट करतात आणि आता फॉर्म फाइल मागतो.

सर्व्हरला फाइलचा रकाना परत भरून देता येत नाही. ब्राउझर ते करूच देत नाही आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुठल्याही पानाने तुमच्या संगणकावरचा मार्ग त्या रकान्यात टाकून फाइल उचलली असती. म्हणून दुरुस्ती वेगळ्या दिशेने करावी लागते: फाइलचा प्रवास फॉर्मपासून तोडायचा. फाइल हा फॉर्मचा पंधरावा रकाना आहे असं समजून चाललो की सगळ्या अडचणी एकाच सबमिटच्या क्षणी अंगावर येतात.

नवी रीत अशी. फाइल निवडल्याबरोबर ब्राउझर ती एकटी सर्व्हरकडे पाठवतो. किती टक्के गेली हे दाखवायचं असेल तर एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट वापरावं, त्याच्या अपलोड भागावर प्रगतीची घटना मिळते. फेच या ब्राउझरच्या दुसऱ्या पद्धतीत अपलोडसाठी तशी घटना नाही. सर्व्हर फाइल तपासतो, प्रतीक्षा फोल्डरमध्ये ठेवतो, डेटाबेसमध्ये एक नोंद करतो आणि ३२ अक्षरांचं तिकीट परत देतो. फॉर्ममध्ये मग फाइल नसते, एका लपलेल्या रकान्यात ते तिकीट असतं. पिनकोड चुकून फॉर्म दहा वेळा परत आला तरी तिकीट जागच्या जागी राहतं आणि फाइलच्या नावाशेजारी ‘बदला’ असं बटण दिसतं.

तिकिटाच्या नोंदीत सात गोष्टी असतात: तिकीट, कोणत्या सत्राचं, कोणत्या रकान्याचं, बाइटमध्ये साइझ, एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा), अवस्था आणि वेळ. सत्र आणि रकाना या दोन गोष्टी सबमिटच्या वेळी पुन्हा ताडून पाहायच्याच. पहिली विसरली तर दुसऱ्याचं हाती लागलेलं तिकीट आपल्या अर्जाला जोडता येतं. दुसरी विसरली तर फोटोच्या सैल नियमातून आलेली फाइल प्रमाणपत्राच्या जागी जाऊन बसते. तिकीट एकदाच वापरता येईल. कुणी सबमिट दोनदा दाबलं तर दुसऱ्या वेळी ‘तिकीट वापरलेलं आहे’ असं सांगून घाबरवू नका, पहिल्या अर्जाचीच पोच दाखवा. त्यासाठी फॉर्म उघडतानाच त्याला एक क्रमांक द्यावा आणि डेटाबेसमध्ये तो अद्वितीय ठेवावा.

न वापरलेली तिकिटं चोवीस तासांनी निकालात काढायची. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी अवस्था ‘प्रलंबित’ असेल तरच ती ‘बाद’ करायची, म्हणजे त्याच क्षणी सबमिट करणाऱ्याशी टक्कर होत नाही. मग डिस्कवरची फाइल पुसायची आणि शेवटी नोंद. उलट केलं आणि मध्येच काम तुटलं तर डिस्कवर एक बेवारस फाइल उरते, जिचा पत्ता कुणाकडेच नाही. आधी फाइल पुसली आणि नोंद राहिली तर पुढच्या फेरीत ती आपोआप साफ होते.

जावास्क्रिप्ट न चालणाऱ्या ब्राउझरसाठी जुना रस्ता चालू ठेवला आहे, पोस्ट_मॅक्स_साइझ १८एम ठेवण्याचं कारण तेच. त्या रस्त्याने आलेल्या फाइल्सनाही सर्व्हर आतल्या आत तिकीटच देतो, त्यामुळे पुढचा सगळा कोड एकच राहतो. त्या फॉर्मच्या टॅगमध्ये एनकटाइप मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा आहे ना, हे पाहून घ्यावं. ते नसेल तर सर्व्हरकडे फाइलचं फक्त नाव पोहोचतं.

नाव जेपीजी, पोटात दुसरंच

फोटोच्या रकान्यात ॲक्सेप्ट (कोणत्या प्रकारच्या फाइल्स हव्यात हे ब्राउझरला सांगणारी खूण) लावलेलं होतं आणि सर्व्हरवर ब्राउझरने कळवलेला प्रकार तपासला जात होता. दोन्ही तपासण्या पार करून आलेले काही फोटो तपासनिसाच्या पडद्यावर उघडत नव्हते.

ॲक्सेप्ट ही फक्त सूचना आहे. फाइल निवडण्याच्या खिडकीत ‘सर्व फाइल्स’ केलं की ती संपली. ब्राउझर जो प्रकार कळवतो तो बहुतेक वेळा नावाच्या शेपटावरून ठरवलेला असतो. या न उघडणाऱ्या फाइल्स होत्या एचईआयसी. २०१७ मधल्या आयओएस ११ पासून आयफोनचा कॅमेरा या प्रकारात फोटो ठेवू शकतो. फोटो संगणकावर उतरवला, फॉर्म जेपीजी मागतो म्हणून नावाचं शेपूट बदललं, झालं. त्या माणसाने फॉर्मने सांगितलेलंच केलं होतं.

खरं ओळखपत्र फाइलच्या सुरुवातीच्या बाइट्समध्ये असतं. जेपीईजी ‘एफएफ डी८ एफएफ’ ने सुरू होते. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइट ठरलेल्या: ‘८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए’. एचईआयसीमध्ये पहिल्या चार बाइट सोडल्या की पुढच्या चारांत ‘एफटीवायपी’ ही अक्षरं येतात आणि त्यापुढे ‘एचईआयसी’ किंवा तसाच एखादा उपप्रकार. पीएचपीत फाइनफो हेच काम करतो. प्रकार कळला की निरोपही नेमका देता येतो: ‘हा फोटो एचईआयसी प्रकारातला आहे. तो जेपीजी म्हणून सेव्ह करून जोडा. नुसतं नाव बदलून चालणार नाही.’

पण सुरुवातीच्या बाइट्सवर विसंबून थांबू नये. सुरुवात अस्सल जेपीईजीची आणि पोटात पीएचपीचा कोड, अशी फाइल बनवणं अवघड नाही. म्हणून प्रत्येक फोटो उघडून, पिक्सेलमधून नव्याने जेपीईजी बनवायचा आणि मूळ फाइल टाकून द्यायची. एक्झिफमधली (कॅमेऱ्याने फोटोसोबत ठेवलेल्या नोंदींतली) जागेची माहितीही यात गळून पडते; अर्जासोबत घराचे अक्षांश-रेखांश द्यायची कुणालाच गरज नाही. मात्र एक्झिफबरोबर फोटोची दिशाही जाते. फोन आडवा-उभा कसा धरला होता ते त्याच माहितीत १ ते ८ या आकड्यांत असतं. ते आधी वाचून फोटो फिरवला नाही तर चेहरे आडवे होतात. आकडा ३ असेल तर १८० अंश, ६ असेल तर घड्याळाच्या दिशेने ९०, ८ असेल तर उलट दिशेने ९०. २, ४, ५ आणि ७ मध्ये आरशासारखं उलटवणंही येतं. जीडीचं इमेजरोटेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतं, त्यामुळे ६ साठी उणे ९० द्यावं लागतं. ही चूक फार जणांकडून होते आणि फोटो डोक्यावर उभे राहतात.

मेमरीचा हिशेब फाइलच्या साइझवरून करू नका. ४०३२ गुणिले ३०२४ पिक्सेलचा फोटो म्हणजे १,२१,९२,७६८ पिक्सेल. उघडल्यावर प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे साधारण ४६ एमबी, मग डिस्कवर तो तीन एमबीचा का असेना. एकाच रंगाची २०,००० गुणिले २०,००० पिक्सेलची पीएनजी ५ एमबीच्या आत सहज बसते आणि उघडली की १६० कोटी बाइट मागते. पीएचपीची मेमरी_लिमिट मुळात १२८एम असते. त्यामुळे गेटइमेजसाइझने आधी फक्त लांबी-रुंदी वाचायची. त्यासाठी फोटो उघडावा लागत नाही. गुणाकार अडीच कोटींच्या वर गेला की तिथेच नकार. अडीच कोटी पिक्सेल म्हणजे सुमारे ९५ एमबी. फिरवताना जीडी दुसरी प्रत बनवतं, म्हणजे दुप्पट. तेव्हा आधी लहान करायचं, मोठी प्रत सोडून द्यायची आणि मग लहान प्रत फिरवायची. लांब बाजू १६०० पिक्सेल या कामाला भरपूर होते.

पीडीएफचं दुखणं निराळं. ती ‘पीडीएफ’ या खुणेने सुरू झाली, साइझही बसली, पण उघडायला पासवर्ड मागते. हे तपासनिसाच्या लक्षात येतं तेव्हा मुदत संपलेली असते. क्यूपीडीएफ या साधनाला ‘रिक्वायर्स-पासवर्ड’ पर्याय देऊन विचारलं तर तीन उत्तरं मिळतात: शेवटचा संकेत ० म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाही, २ म्हणजे कुलूपच नाही, ३ म्हणजे कुलूप आहे पण उघडायला पासवर्ड लागत नाही. नाकारायची ती फक्त पहिली. तिसऱ्या प्रकारात छपाई किंवा कॉपी करण्यावर बंधन असतं, वाचायला अडचण नसते. ‘एन्क्रिप्टेड म्हणजे नको’ असा सरसकट नियम लावला तर पुष्कळ चांगली प्रमाणपत्रं उगाच परत जातात.

गुणपत्रक.पीडीएफ

हे सगळं तपासताना एका अर्जात दुसऱ्याच व्यक्तीचं प्रमाणपत्र निघालं. या प्रकरणातला हा सर्वांत गंभीर दोष, आणि त्याची तक्रार कुणीही केली नव्हती, कारण अर्जदाराला तो दिसूच शकत नव्हता.

जुना कोड फाइलचं नाव ‘स्वच्छ’ करत असे. रोमन अक्षरं, रोमन आकडे, टिंब, आडवी रेघ आणि अधोरेघ सोडून बाकी सगळं काढून टाकायचं, आणि फाइल त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये त्या नावाने ठेवायची. आता ‘गुणपत्रक.पीडीएफ’ हे नाव त्यातून जाऊ द्या; शेपटातली पीडीएफ ही अक्षरं अर्थातच रोमन आहेत. ग, ु, ण, प, त, ्, र, क: आठच्या आठ खुणा गळतात. उरतं टिंब आणि शेपूट. पुढचा अर्जदार ‘दाखला.पीडीएफ’ पाठवतो. तिथेही उरतं तेच. पीएचपीचं मूव्ह_अपलोडेड_फाइल त्या नावाची फाइल आधीपासून असली तर काही न विचारता तिच्यावर लिहितं. त्या दिवशी देवनागरी नावाने आलेलं प्रत्येक प्रमाणपत्र आधीच्यावर लिहिलं गेलं आणि दिवसअखेर एकच उरलं. लिनक्सवर टिंबाने सुरू होणारं नाव साध्या यादीत दिसतही नाही.

रोमन नावं यातून सुटतात असंही नाही. कॅमेऱ्याने दिलेलं ‘आयएमजी_००१२’ आणि स्कॅनरने दिलेलं ‘स्कॅन०००१’ एकाच दिवशी दोघांकडून येऊ शकतं. देवनागरीत जे हमखास घडतं, ते तिथे अधूनमधून घडतं.

अर्जदाराने दिलेलं नाव डिस्कवर वापरायचंच नाही, हा एकच इलाज आहे. सोळा यादृच्छिक बाइट्स घ्या, त्यांची ३२ हेक्स अक्षरं (०-९ आणि ए-एफ) करा आणि शेपूट आपण ओळखलेल्या प्रकारावरून लावा. फाइल ‘एक्स’ मोडमध्ये उघडा, म्हणजे तीच फाइल आधी असेल तर लिहिणं फसतं आणि एरर मिळते. मूळ नाव डेटाबेसमध्ये फक्त लेबल म्हणून राहील. देवनागरी नाव डिस्कवर ठेवण्यात तसाही एक अडथळा होता. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं धरून ८५ खुणांतच नाव संपतं.

लेबल साठवण्याआधी एनएफसी (युनिकोडच्या ठरलेल्या एकसंध) रूपात आणावं. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध खूण म्हणून किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन खुणा म्हणून. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण नावाने शोधलं तर फाइल सापडत नाही. पीएचपीच्या इंटल विस्तारातला नॉर्मलायझर हे काम करतो.

डाउनलोड देताना मूळ नाव परत द्यायचं असेल तर कंटेंट-डिस्पोझिशन या हेडरमध्ये आरएफसी ६२६६ या मानकातला तारांकित फाइलनेम वापरावा. त्यात देवनागरीची प्रत्येक बाइट टक्के-चिन्हासह तीन अक्षरांत येते. ‘गुणपत्रक’ च्या आठ खुणा तिथे ७२ अक्षरं होतात. हेडर लांबलचक दिसलं म्हणून दचकू नये.

साठवण वेबच्या फोल्डरबाहेर नेली आहे. प्रत्येक डाउनलोड प्रोग्राममधून जातं आणि मागणाऱ्याला हा अर्ज पाहण्याचा अधिकार आहे का, हे तिथे तपासलं जातं. सोबत ‘नोस्निफ’ हेडर (ब्राउझरने प्रकाराचा अंदाज बांधू नये म्हणून) आणि ‘अटॅचमेंट’ (फाइल पानात न उघडता डाउनलोड व्हावी म्हणून). अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी चालू शकत असेल तर वरची एकही तपासणी पुरेशी नाही.

निरोप

‘अवैध फाइल’ हे शब्द फॉर्ममधून काढून टाकले. त्यातून माणसाला काय करायचं ते कळत नाही. आता निरोपात तीन गोष्टी असतात: कोणती फाइल, काय आढळलं, काय चालेल. ‘फोटो ७.३ एमबीचा आहे. ५ एमबीपर्यंत चालेल.’ पीएचपीच्या एरर क्रमांकांपैकी १ आणि २ साइझचे, ३ म्हणजे फाइल अर्धवट पोहोचली, ४ म्हणजे फाइल जोडलीच नाही. ६ म्हणजे तात्पुरतं फोल्डर नाही, ७ म्हणजे डिस्कवर लिहिता आलं नाही, ८ म्हणजे एखाद्या विस्ताराने अपलोड थांबवलं. ५ हा क्रमांक नाहीच. शेवटचे तिन्ही दोष सर्व्हरचे आहेत. तिथे ‘फाइल तपासून पुन्हा जोडा’ असं सांगणं म्हणजे माणसाला खोट्या कामाला लावणं. ‘अडचण आमच्याकडे आहे, तुमची फाइल ठीक आहे’ असंच लिहावं आणि त्याच क्षणी देखरेख करणाऱ्याला कळवावं.

मर्यादा मोजताना ५ एमबी म्हणजे ५२,४२,८८० बाइट धरले आहेत. काही यंत्रणा एमबी दहा लाखांचा मानतात आणि हीच फाइल ५.२ एमबी दाखवतात. मोठा अर्थ धरल्याने दोन्हीकडच्या माणसाचा अर्ज स्वीकारला जातो.

बदल सुरू करण्याआधी चाचणीच्या फाइल्सचा एक कायमचा संच केला आहे: बरोबर ५२,४२,८८० बाइटची फाइल, तिच्याहून एक बाइट मोठी, शून्य बाइटची, नाव बदललेली एचईआयसी, २०,००० चौरसाची पीएनजी, दिशा ६ असलेला फोटो, तिन्ही प्रकारच्या पीडीएफ, ८६ खुणांचं देवनागरी नाव, एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइल्स, व्हायरस-तपासणी जागी आहे का पाहायला ६८ बाइटची ईकार फाइल, आणि तिन्ही रकान्यांत एकाच वेळी ४.९ एमबी. कोडमध्ये काहीही बदललं की हा संच चालतो.

उरल्या जुन्या फाइल्स. जुन्या नोंदींत मार्ग आणि मूळ साइझ दोन्ही होतं, त्यामुळे कुणाचं काय गेलं ते शोधता आलं. ज्या मार्गावर एकाहून अधिक नोंदी आहेत ते सगळे वेगळे काढले. त्या मार्गावरची फाइल शेवटच्या नोंदीची. साइझ जुळते का ते पाहून ती खरी धरली, बाकीच्यांची फाइल डिस्कवर उरलेलीच नाही. बॅकअप रोज रात्री होत असे, पण एकावर एक लिहिणं दिवसभरातच उरकलेलं असायचं, म्हणून तिथूनही काही हाती लागलं नाही. त्या अर्जदारांना एकाच रकान्याचं पान पाठवलं, बाकी काहीही पुन्हा न भरता. वर मजकूर एवढाच: ‘तुम्ही प्रमाणपत्र वेळेत आणि बरोबर जोडलं होतं. ते आमच्याकडून हरवलं. कृपया तेवढी एक फाइल पुन्हा जोडा. तुमच्या अर्जाची तारीख पहिलीच धरली जाईल.’